पाच वॅट पुरेत

१

मी आज हे लिहायला बसलो आहे ते एका जुन्या, कापड फाटलेल्या गिटार ॲम्पच्या कृपेने. कृपा हा शब्द मी सहसा वापरत नाही. एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले. जे दिसतं त्यावर बोलायचं आणि जे दिसत नाही त्यासाठी नंबर वाढवून द्यायचा, एवढंच मला येतं. पण आभार मानायचे तर नीट मानावेत, म्हणून सुरुवातीलाच मानून ठेवतो.

गिटार मी कॉलेजात असल्यापासून वाजवतो. बरी वाजवतो, यापुढे कुणी कधी काही म्हटलेलं नाही. रविवारी दुकान बंद. जेवण, डुलकी आणि चार वाजता गिटार. बायको घरूनच पुस्तकांची प्रुफं तपासते आणि तिला रविवार नसतो. एकाच खोलीत ती टेबलाशी लाल पेन घेऊन बसते आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातले निदान वीस वर्षांचे रविवार असेच गेले. मी कुठे चुकलो की ती मान वर न करता पेन टेबलावर आपटते. संगीतातलं तिला काही कळत नाही, चूक मात्र कळते.

माझा आधीचा ॲम्प एका रविवारी धूर सोडून गेला. तेव्हा ठरवलं, आता घ्यायचा तर व्हॉल्व्हचा. पूर्वीच्या रेडिओत काचेचे, तापून लालसर दिसणारे व्हॉल्व्ह असायचे, तसलेच यात असतात. त्यातून आलेला गिटारचा आवाज साय धरल्यासारखा येतो. फक्त तो खिशाला परवडला पाहिजे. आठवडाभर मी फोनवर लोकांची मतं वाचली. जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. शेवटी बायको वैतागली.

"अहो, तुम्ही गिऱ्हाइकाला फोनवर चष्मा विकता का? मग? जाऊन ऐका ना एकदा!"

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्या दिवसांत जिना चढताना मला मध्ये थांबावं लागत होतं. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. बायकोला सांगितलं नव्हतं. वय झालं, वजन वाढलं, असं स्वतःचं निदान करून मी मोकळा झालो होतो. दुसऱ्यांना मात्र दर सहा महिन्यांनी तपासून घ्या म्हणून सांगायचो.

२

फ्यूजकाकूंचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली लांबट खोली. या बाई साठीच्या. वडिलांकडून तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, शिकल्या आणि तेव्हापासून गावातले सगळे वाजणारे डबे त्यांच्याच हातून जातात. कुठलंही बिघडलेलं यंत्र पुढे आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फ्यूज बघितलात का?" त्यावरून हे नाव पडलं, आणि त्यांना ते आवडतं.

त्यांनी माझ्यासमोर तीन ॲम्प मांडले. पहिला पन्नास वॅटचा, नवा कोरा, झकपक. दुसऱ्याला पुढून छोटी काचेची खिडकी होती आणि आत व्हॉल्व्ह नारिंगी उजळलेला दिसत होता.

"त्याला भुलू नका," काकू म्हणाल्या. "व्हॉल्व्हच्या मागे दिवा लावलाय. आत सगळी ट्रान्झिस्टरचीच मंडळी आहेत."

तिसरा लाकडी पेटीसारखा, पाच वॅटचा. कापड एका कोपऱ्यात फाटलेलं. कंपनीची पट्टी नाही, कुणीतरी घरीच बांधलेला असावा. किंमत पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.

"पाच वॅट म्हणजे अगदीच..." मी कुरकुरलो.

"घरात वाजवणार ना? मग पाच वॅट पुरेत. व्हॉल्व्हवर जोर दिला की तो गातो. पन्नासचा घेतलात तर बटण कधी एकच्या पुढे नेता येणार नाही. शेजारी काठी घेऊन येतील."

मी माझ्या धंद्याची रीत वापरली. डोळे मिटून बसलो, काकूंना वायर बदलत राहायला सांगितलं आणि मी एकच सूर छेडत गेलो. हे बरं की हे? गिऱ्हाइकांना जन्मभर विचारलेला प्रश्न स्वतःला विचारायला मजा आली. सहा वेळा डोळे मिटले आणि सहाही वेळा तिसराच निवडला.

मग काकूंनी कानावरची लाकडी पेन्सिल काढली. ॲम्प चालू ठेवून मागच्या बाजूने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक केलं. पहिल्या व्हॉल्व्हला पेन्सिल लागली तशी स्पीकरमधून 'टण' असा स्वच्छ आवाज आला.

"हा जरा कान देऊन ऐकतो," त्या म्हणाल्या. "काही व्हॉल्व्ह जुने झाले की माइकसारखे होतात. खोलीतलं बारीकसारीक पकडतात. बदलून देऊ?"

"राहू द्या," मी म्हणालो. आवाज इतका गोड होता की त्यात कुणी बोट घालू नये असं वाटलं.

"बरं. पण उघडायच्या भानगडीत पडू नका. बंद केला तरी आत करंट साठून राहतो."

ॲम्प गाडीत ठेवायला त्या स्वतः वर आल्या. भारी माणूस.

३

पहिल्याच रविवारी, ॲम्प तापून वीसेक मिनिटं झाल्यावर, मी गाणं संपवून हात सैल सोडले आणि खोलीत शांतता झाली. तेव्हा तो आवाज आला. खट्. जरा थांबून पुन्हा खट्. लाकडावर नखाने टिचकी मारावी, तेवढाच.

"पाय आपटताय का?" बायकोने विचारलं.

"नाही गं. व्हॉल्व्ह आहे. तो कान देऊन ऐकतो."

"मग ऐकू दे की. बोलतो कशाला?"

मला तर त्याची मजाच वाटली. ताल धरायला आयताच कुणीतरी मिळाला होता. मी जोशात येऊन वाजवलं की तोही थोडा चढायचा, मी सावकाश झालो की उतरायचा. पुढच्या तीन रविवारी मी त्याच्याबरोबर जितकं नीट वाजवलं तितकं आयुष्यात वाजवलं नव्हतं. लाल पेन तासतासभर गप्प राहायचं.

पाचव्या रविवारी बायको म्हणाली, "तुमचा तो खट्खट् मध्येच एखादा खातो."

"खातो म्हणजे?"

"म्हणजे ओळीत अक्षर गळावं तसा. तुम्हाला कळत नाही?"

नाही कळलं, कारण तो जिथे खायचा तिथे मीही अडखळत होतो. मी काकूंना फोन केला. त्या हत्यारांची पेटी घेऊन आल्या, पहिला व्हॉल्व्ह काढून नवा बसवला. वीस मिनिटांनी खट्. दुसरा बदलला, तरी खट्. काकू खाली बसून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग एकदम हसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"अहो, गिटार छातीशी धरून बसलाय तुम्ही! तुमच्याच काळजाचे ठोके आहेत. लाकडातून तारेत, तारेतून यात."

खरंच होतं. नाडी आणि टिचकी बरोबर एकावर एक पडत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही तिघं पोट धरून हसलो. स्पीकरमधून ते ठोकेही जरा जोरात वाजले. काकूंनी एकाच व्हॉल्व्हचे पैसे घेतले.

४

पुढच्या रविवारी मी ॲम्प लावला, गिटार आतल्या खोलीत पलंगावर ठेवली आणि चहा करायला गेलो. वायर जमिनीवर मोकळी पडली होती. चहा घेऊन आलो तर बायको पेन हातात धरून ॲम्पकडे बघत होती.

खट्. खट्.

तिने माझ्या हातातले कप घेतले आणि मला दोन कोरे कागद दाखवले.

"एक तुम्ही घ्या. आत जा, दार लावा, नाडीवर बोट ठेवा. मी हाक मारली की सुरू करा. प्रत्येक ठोक्याला एक टिंब. चुकला तर जागा सोडा."

"अगं, काहीतरीच काय?"

"जा म्हणते ना."

पलंगाच्या कडेवर बसून मी टिंबं देत राहिलो. माणूस आपली नाडी इतका वेळ कधी ऐकत नाही. मध्येच बोटाखाली काहीच नसायचं आणि आपण वाट बघत बसायचो. मग तो यायचा, उशीर झालेल्या माणसासारखा, धपकन.

पाच मिनिटांनी तिने दार उघडलं. दोन्ही कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मूळ हस्तलिखिताशी प्रूफ ताडून बघते तशी बोट सरकवत गेली. माझ्या कागदावर अकरा टिंबं, मग जागा. तिच्या कागदावर अकरा टिंबं, मग जागा. तेरा आणि तेरा. सहा आणि सहा. मग माझ्याकडे दोन जागा सलग सोडलेल्या. तिच्याकडेही दोन.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती ॲम्पची. तिला वाटली ती माझी.

"कधीपासून होतंय हे?" तिने विचारलं.

मग मी जिन्याचं सांगितलं. अंधारीचं सांगितलं. ती रागावली नाही, हे सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीण बाईंनी चोवीस तास छातीला यंत्र लावून ठेवलं आणि कागद हातात आल्यावर मला घरीच जाऊ दिलं नाही. काही ठोक्यांमध्ये चार चार सेकंदांचं अंतर पडत होतं. एखाद्या दिवशी ते भरून निघालं नसतं, असं त्या म्हणाल्या. तीन दिवसांत छातीत कातडीखाली पेसमेकर बसला.

"लक्षात कुणी आणून दिलं?" त्यांनी जाताना विचारलं.

"बायकोने. प्रुफं तपासते ती."

"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. मी मान हलवली, आणि माझे डोळे भरून आले. दुकानातल्या पोरांसमोर आजवर कधी रडलो नाही, तिथे मात्र लाज वाटली नाही.

५

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे फळांची करंडी घेऊन काकूंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, पलंगावरच्या गिटारसकट. त्यांनी एक सफरचंद पुसलं, पण खाल्लं नाही.

"वायर लावली नव्हती?"

"नाही."

"मग मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी ॲम्प लावला. स्पीकरच्या आत मोठं लोहचुंबक असतं, म्हणून डॉक्टरीण बाईंनी हातभर लांब बसायला सांगितलं होतं. मी स्टूल मागे सरकवलं. मनात होतं की आता टिचकी घड्याळासारखी सरळ पडेल आणि मी तिला धन्यवाद म्हणेन.

खट्. खट्. मग काहीच नाही. मग खट्.

मी मनगट धरलं. नाडी सरळ चालली होती, एकही चूक नाही. बायकोने दोन कागद काढले. या वेळी एकही ओळ जुळली नाही. माझ्या कागदावर टिंबांची अखंड रांग होती. तिच्या कागदावर माझी जुनी चाल होती, आता आणखी विस्कटलेली.

पेसमेकरच्या विजेचा काही परिणाम असेल, अशी मी समजूत घातली. डॉक्टरीण बाईंनी यंत्र तपासलं, ठणठणीत होतं. भिंतीतल्या वायरींचा काही दोष असेल म्हणून ॲम्प दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. तिथेही तेच. मी चष्मेवाला माणूस. एक भिंग चुकलं की दुसरं लावून बघतो. भिंगं संपत आली होती.

दर रविवारी टिचक्या कमी होत गेल्या. मिनिटाला बावन्न, मग पंचेचाळीस, मग सदतीस. आम्ही दोघंही मोजत होतो आणि मोजत नाही असं दाखवत होतो. मला एकच प्रश्न छळत होता, आणि तो मी कुणाला विचारू शकत नव्हतो. छातीत चालतोय तो माझा की पेटीत चालतोय तो? तो थांबला की माझं काय होईल?

"देऊन टाकू या का कुणाला?" मी एकदा म्हणालो.

"कुणाच्या घरी?" ती म्हणाली. "कुणाच्या घरी जाऊन थांबायचा तो?"

त्या आठवड्यात तिने एका पुस्तकात सतरा चुका सोडल्या. प्रकाशकाचा फोन आला होता.

६

त्या रविवारी लख्ख ऊन होतं. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. ॲम्प तापला. टिचकी यायला लागली, फार लांब लांब. बायको टेबलाशी बसलीच नाही. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली होती आणि माझा दंड धरला होता. गिटार माझ्या मांडीवर होती, वायर लावलेली. वाजवत मी काहीच नव्हतो.

खट्.

आम्ही वाट पाहिली. खालच्या नळाचं पाणी बंद झालं. बादली उचलल्याचा आवाज झाला. बायकोची नखं माझ्या दंडात रुतली होती.

पुढची टिचकी आलीच नाही.

मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी होती, शांतपणे आपलं काम करणारी. मी हसायला लागलो. तीही हसायला लागली, हसता हसता तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. मी मोठ्याने आभार मानले. डॉक्टरीण बाईंचे, काकूंचे, तिच्या लाल पेनाचे, त्या फाटक्या कापडाचे. इतकं हलकं मला लहानपणानंतर कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा स्पीकरमध्ये स्टूल पडलं.

माझं स्टूल माझ्याखाली होतं. स्पीकरमध्ये खुर्ची मागे सरकली, करकरत. घाईची पावलं. मग अगदी जवळून, व्हॉल्व्ह पकडतो तसा बारीकसारीक श्वासासकट माझ्या बायकोचाच आवाज आला.

"अहो. अहो, उठा ना. अहो!"

माझ्या खांद्यावरचं कपाळ दगडासारखं स्थिर झालं होतं.

त्यानंतर जे ऐकू आलं ते रडणं होतं. बायको अशी रडलेली मी एकदाच ऐकली आहे, तिची आई गेली तेव्हा. पुढचं मी विचार करून केलं नाही. समोर आपलं माणूस रडत असेल तर हात आपोआप पुढे जातो. माझा हात तारांवर गेला आणि मी एक साधा कॉर्ड वाजवला.

पलीकडचं रडणं थांबलं.

बराच वेळ तिथे काहीच हललं नाही. मग कापडावर बोटं फिरल्याचा आवाज आला. आमच्या समोरचं कापड हललं नव्हतं.

"अहो?" तो आवाज म्हणाला. इतकी आशा मी कुणाच्या आवाजात ऐकलेली नाही.

मी पुन्हा हात उचलला. बायकोने तळवा पसरून सगळ्या तारा दाबून धरल्या.

"नका," ती कुजबुजली. "नका वाजवू. मी ओळखते तिला. ती रोज लावून बसेल. जेवणार नाही, काम करणार नाही, इथे बसून राहील."

ती उठली आणि तिने ॲम्पचं बटण बंद केलं. पण व्हॉल्व्ह लगेच थंड होत नाहीत. बटण बंद केल्यावरही काही सेकंद आवाज येत राहतो, विरत विरत जातो. त्या काही सेकंदांत तिने, म्हणजे त्या दुसरीने, फार समजुतीच्या स्वरात म्हटलं, "एकदाच. अजून एकदाच वाजवा ना."

मग काच थंड झाली.

७

त्याला आता सात महिने झाले. मी जिने न थांबता चढतो. दुकानात जातो, रात्री गाढ झोपतो. रोज सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा आभार मानतो, आणि ते मनापासून असतात. काकू मध्ये येऊन गेल्या. त्यांनी ॲम्पकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फ्यूजबद्दल काही विचारलं नाही. मी आता गिटार नुसतीच वाजवतो, वायर न लावता. तिचा आवाज खोलीबाहेर जात नाही.

आम्ही ॲम्प विकला नाही. कापड शिवून घेतलं, रोज धूळ पुसतो.

रविवारी चार वाजले की बायको हातातलं काम ठेवते, माझ्याजवळ येऊन बसते आणि माझ्या मनगटावर बोटं ठेवते. ॲम्प बंद असतो, त्याची वायरही भिंतीतून काढून ठेवलेली असते. पण आम्हा दोघांना माहीत आहे की पलीकडे ती दुसरी तिच्या ॲम्पसमोर बसलेली आहे आणि तिचा चालू आहे.